नाईलचा गाळ

सातवीला भूगोल शिकवताना नाईलच्या पुराचे वर्णन मी मोठ्या रंगात येऊन करीत असे. पूर ओसरतो, काळाभोर गाळ पसरतो, त्यावर गहू डोलतो! वास्तविक तो पूर माझ्या जन्मापूर्वीच थांबलेला. इजिप्तमध्ये आस्वानच्या उंच धरणाचे काम १९६० साली सुरू झाले आणि १९७० साली पुरे झाले. शेतीला बारमाही पाणी मिळाले, खेडोपाडी दिवे लागले. गाळ मात्र धरणातच अडला, नि शेतकऱ्याच्या खांद्यावर खताचे पोते आले.

यंदा हे सारे नीट सांगितले. अबू सिंबेलचे देऊळ कापून, सुमारे ६५ मीटर उंच नेऊन पुन्हा उभारले, हेही सांगितले.

"आन् माणसं, सर?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले. तिच्या आजीचे गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे.

पन्नास हजारांच्या आसपास न्युबियन माणसे १९६३-६४ साली कोम ओंबोकडे हलवली. घरे मिळाली, खजुरी मागेच राहिल्या. फळ्यावर नदी काढून मी दूर एक टिंब दिले.

ती बघत राहिली. "पाणी एवढं लांब?"