चाळीसगावचे आकाश आणि उच्चारलेला आकडा

चाळीसगाव हे जंक्शनचे गाव. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाला येथेच धुळ्याचा फाटा फुटतो. दक्षिणेस सातमाळ्याची रांग आणि तिच्या कुशीत पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे सांगणारा सुमारे 800 वर्षांपूर्वीचा शिलालेख येथलाच. आकड्यांशी या भूमीचे नाते असे जुने आहे.

या गावावरून न दिसणाऱ्या वाटाही जातात. धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर वैमानिक घडवले जातात. तेथून छत्रपती संभाजीनगरकडे सरळ रेषेत निघालेल्या छोट्या विमानाला चाळीसगाव वाटेतच लागते. पुढे डोंगर ओलांडला की त्या विमानतळाचे नियंत्रित आकाश येते. तेथे परवानगीवाचून शिरता येत नाही आणि ही परवानगी मिळते ती रेडिओवरील शब्दांतून. या रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून डोंगराआड खालून उडणाऱ्या विमानाचा आवाज पलीकडे अडू शकतो. उंची घेतली की संवाद जुळतो.

या संवादाची शिस्त कडक आहे. वैमानिक प्रथम कोणाला हाक मारतो आहे ते सांगतो. मग स्वतःचे संकेतनाम, स्थान, उंची आणि हेतू. भारतीय नागरी विमानांची नोंदणी ‘व्ही टी’ या अक्षरांनी सुरू होते. नियंत्रकाने उंची, दिशा, हवेचा दाब किंवा धावपट्टी सांगितली, की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत उच्चारायची. नुसते ‘रॉजर’ पुरत नाही. त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच. परत उच्चारलेला आकडा चुकला, तर नियंत्रक तेथेच दुरुस्त करतो. इंग्रजीतील नाइन हा अंक फाइव्हसारखा ऐकू येऊ नये, म्हणून तो ‘नाइनर’ असा म्हणतात. रेडिओच बंद पडला, तर 7600 हा संकेतांक लावून तसे कळवता येते. मनोऱ्यावरील स्थिर हिरवा दिवा उतरण्याची अनुमती देतो, स्थिर लाल दिवा थांबवतो.

एवढी काटेकोर शिस्त कशासाठी, याचे उत्तर 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात मिळाले. कझाकस्तानच्या विमानाला 15,000 फुटांवर राहण्यास सांगितले होते. समोरून येणाऱ्या सौदी विमानाला 14,000 फुटांवर. कझाक विमानाने ती उंची गाठल्याचे रेडिओवर कळवले, तरीही ते खाली उतरत गेले. दोन्ही विमानांची टक्कर होऊन 349 जीव गेले. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र भारताच्या आकाशात सक्तीचे झाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांची व नियंत्रकांची भाषाक्षमता तपासण्याचा नियमही पुढे जगभर लागू झाला.

म्हणजे आकडा ऐकणे आणि परत उच्चारणे ही अर्धीच जबाबदारी. तो विमानात बसलेल्या प्रत्येक संबंधिताला समजणे आणि त्याबरहुकूम कृती होणे, ही उरलेली अर्धी. व्यापारी पेढीला हे नवे नाही. फोनवर ठरलेला भाव, नग आणि तारीख पुन्हा उच्चारून पक्की केली जाते. परंतु गुमास्त्याने गोदामातून दुसराच माल पाठवला, तर त्या पक्केपणाला अर्थ उरत नाही. पेढीवर अशी चूक खतावणीत दुरुस्त करता येते. आकाशात ती सवलत नाही.