मोहर्लीच्या फाटकापर्यंत

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच बाबा एक छापील कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. तो 'नमुना १-अ' होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाहन चालविण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करावयाचे असेल, तर डॉक्टरकडून भरून घ्यावा लागणारा हा वैद्यकीय दाखला. गेल्या पंचवीस वर्षांत असे किती दाखले मी भरून दिले असतील, याची गणती नाही. बाबांचे वय ८१. परवान्याची मुदत संपत आली होती. "तेवढी सही कर. या महिन्यात तुझ्या आईला ताडोबा दाखवून आणायचे आहे. पळस फुलला आहे," ते म्हणाले.

मी सही केली नाही. "संध्याकाळी निवांत तपासू," असे सांगून कागद खणात ठेवला. त्याचे कारण बाबांना ठाऊक नव्हते. महिनाभरापूर्वी मूलच्या रस्त्याने दिवेलागणीला परतताना समोरचा सायकलस्वार त्यांना अगदी शेवटच्या क्षणी दिसला होता. आईने हे मला स्वयंपाकघरात, हळू आवाजात सांगितले होते, आणि "त्यांना बोलू नकोस" असेही बजावले होते.

चंद्रपूरकरांना ताडोबा म्हणजे परसातले रान. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्या काळी स्वतःची मोटार घेऊन आत जाता येत असे. बाबांनी १९९२ साली घेतलेली मारुती ८०० आम्ही अशीच ताडोबा तलावापर्यंत नेली होती, आणि वाटेत गोंडराजांच्या काळातील दगडी खांबांपाशी वेग कमी करून बाबांनी आम्हांला सारा इतिहास ऐकवला होता. आता खासगी गाडी प्रवेशद्वारापाशी थांबते. पुढे वनखात्याकडे नोंदलेल्या जिप्सीतून किंवा वीसएक माणसे बसतील अशा मोठ्या उघड्या गाडीतून, मार्गदर्शकासह जावे लागते. म्हणजे प्रश्न दोन होते. चंद्रपूर ते मोहर्ली कसे जायचे, आणि मोहर्लीच्या पुढे कशात बसायचे. वृद्धांना घेऊन निघणारे बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नावर तासभर खल करतात आणि पहिला प्रश्न त्यांना प्रश्नच वाटत नाही. घरची गाडी आहे ना, मग झाले.

संध्याकाळी मी बाबांना अंगणात उभे केले. दाखल्यात विचारलेले असते की, चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरपाटी वाचता येते का? मी आमच्याच गाडीकडे बोट दाखवले. बाबांनी 'एमएच ३४'पासून शेवटच्या आकड्यापर्यंत खाडखाड म्हणून दाखवले. नंबर त्यांना पाठ होता! मग शेजाऱ्यांच्या स्कूटरकडे बोट दाखवले, तेव्हा ते थोडे पुढे झाले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ती पाटी मळली आहे." पाटी स्वच्छ होती. टॉर्च डोळ्यांवर धरताच दोन्ही भिंगांतील पांढुरकेपणा मलाही दिसला. मी त्यांचा मुलगा आणि डॉक्टर. एवढे दिवस तो माझ्या नजरेतून सुटला होता, हे येथे मान्य केलेले बरे.

मोतीबिंदू असलेल्या माणसाला भर दुपारी पुष्कळसे नीट दिसते. म्हणूनच त्याला स्वतःविषयी शंका येत नाही. भिंग गढूळ झाले की समोरच्या दिव्याचा प्रकाश आत विखुरतो आणि सगळीकडे झगमगाट होतो. शिवाय वयपरत्वे बाहुली लहान राहते, अंधारात ती पुरेशी उघडत नाही आणि झगमगाटातून सावरायला डोळ्याला वेळ लागतो. आमचा मोहर्लीचा रस्ता दुर्गापूर, पद्मापूरवरून जातो. औष्णिक वीजकेंद्राच्या आणि कोळशाच्या खाणींच्या या टापूत अवजड ट्रकांची वर्दळ असते, आणि आगरझरीच्या बाजूला लागले की दोन्हीकडे जंगल. चितळ किंवा रानडुक्कर रस्त्यात येताना दिवा दाखवून येत नाही. सकाळच्या फेरीसाठी उजाडण्यापूर्वी प्रवेशद्वारावर असावे लागते. त्यासाठी घरातून अंधारातच निघावे लागेल, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना सर्वांत कठीण अशा वेळी.

डोळ्यांखेरीज आणखी काही गोष्टी वृद्ध चालकाच्या घरच्यांनी पाहाव्यात. रात्रीची झोपेची गोळी पहाटेपर्यंत अंगात रेंगाळते. सर्दीच्या साध्या गोळीनेही डोळ्यांवर झापड येते. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन न्याहारी न करता निघालेल्या माणसाची साखर वाटेतच उतरू शकते, आणि त्या वेळी घाम, थरथर, गोंधळ या खुणा त्याच्या स्वतःच्या लक्षात येतीलच असे नाही. मान वळवून मागे पाहता येते का, ब्रेकवर पाय चटकन जातो का, गाडीवर नवे ओरखडे दिसतात का, हेही सांगणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला लवकर कळते.

बाबांना मी एवढेच म्हणालो, "आधी डोळे दाखवू. दाखला नंतर." ते उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पेशंटला 'नाही' म्हणणे आणि ज्याने सायकल शिकवली त्याला 'नाही' म्हणणे यांत फार अंतर आहे. गाडी काढून घेणे म्हणजे भाजीला, बँकेत, मित्राच्या अंत्ययात्रेला जाण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहणे. हे वजन ज्याला उचलावे लागते त्यालाच ते कळते.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी चालवीन असे सुचवले. बाबा म्हणाले, "मग मी शेजारी बसून ब्रेक दाबत राहीन." हे मात्र खरे होते. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. "एस.टी.ने जाऊ. आदल्या दिवशी दुपारी. रात्री मोहर्लीत मुक्काम." २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. आईचे वयही ७७. "दोघांचे मिळून शून्य रुपये," असे म्हणताना दोन दिवसांत प्रथमच ते हसले.

मला स्वतःला एस.टी.विषयी वेगळी माया आहे. नोकरीची पहिली वर्षे मी गडचिरोली जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा, आणि एरवी गावातून तालुक्याला जाणारी लाल गाडी हीच आमची रुग्णवाहिका होती. बाळंतीण, सर्पदंशाचा माणूस, तापाने फणफणलेले मूल, सगळ्यांना वाहकाने जागा करून दिलेली मी पाहिली आहे. पण माया वेगळी आणि आईचा कणा वेगळा. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडण्याचे निमित्त होऊन तिच्या कमरेचा एक मणका दबला आहे. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला बसच्या शेवटच्या बाकावर कधीही बसवू नये. गतिरोधकावरून गाडी उडाली की मागच्या चाकांपलीकडे बसलेला माणूस सर्वांत उंच फेकला जातो आणि आपटतो, आणि एवढ्या धक्क्यानेही मणका चेपू शकतो. पुढच्या चाकांवरचे आसनही बरे नव्हे. दोन्ही चाकांच्या मधला भाग सर्वांत शांत. म्हणून आम्ही गाडी सुटण्याच्या स्थानकावरच, अर्धा तास आधी जाऊन मधली जागा धरली. बसची पहिली पायरी उंच असते, म्हणून आईला आधी चांगला पाय वर आणि मग दुखरा, असे चढवले. उतरताना उलट, आधी दुखरा पाय खाली.

मोहर्लीच्या पुढचा निर्णय करताना बाबा मोठ्या गाडीच्या बाजूचे होते. माणशी खर्च कमी, वर सरकारी कारभार. मी जिप्सीचा आग्रह धरला. मोठ्या गाडीत इतर वीस जण वाघासाठी आतुर असतात. तेथे एका आजीसाठी "जरा हळू" म्हणणे अवघड होते. पूर्ण जिप्सी आपली असेल तर चालकाला आधीच सांगता येते की, वाघाच्या मागे धावायचे नाही. धडधाकट ज्येष्ठांच्या गटाला मात्र मोठी गाडी खुशाल चालेल. जिप्सीतही आईला चालकाच्या लगेच मागच्या रांगेत बसवले. शेवटची रांग उंच असते आणि तेथून दिसते छान, पण हादरेही तेथेच.

आत चार तास जातात आणि मनाला येईल तेथे उतरता येत नाही. आईला हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी आहे. तिच्या डॉक्टरांना विचारून त्या दिवशी ती परत आल्यावर घ्यायची असे ठरवले होते. अनेक घरांत यावर उपाय म्हणून पाणीच बंद करतात. तसे करू नये, घोट घोट देत राहावे. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, म्हणून दोघांच्या औषधांची नावे, मात्रा आणि घरचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवला. मूळ ओळखपत्रे लागतात, तीही. मंगळवारी गाभा बंद असतो, हे मुक्कामाचा दिवस ठरवताना विसरू नये.

फेब्रुवारीतही उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडात शिरतो. आईने कानांना मफलर, गुडघ्यांवर घोंगडी आणि पाठीमागे उशी घेतली होती. ऐन, तेंदू, मोह आणि बांबूच्या रांजींतून उजेड झिरपू लागला. मग अचानक एका वळणावर पळस दिसला, पान नाही, नुसते केशरी. वाघ दिसला नाही. एक गवा मात्र रस्त्याच्या कडेला एवढा निश्चल उभा होता की, बाबांना तो खडक वाटला. "आजोबा, गवा आहे तो," मार्गदर्शक मुलगा हळूच म्हणाला. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचे म्हणालास?"

तलावापाशी तारूदेवाच्या ठाण्याकडे पाहून आईने बसल्या जागेवरून हात जोडले. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावचा पुढारी, त्याच्याच नावावरून ताडोबा. काठावर एक मगर उन्हात पसरली होती. बाबांनी मार्गदर्शकाला विचारले, मारुती घेऊन आम्ही आलो होतो ती जागा कोणती? तो मुलगा त्या वेळी जन्मलाही नव्हता.

परतीच्या बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली. बाबा खिडकीशी बसले होते. पद्मापूरनंतर समोरून ट्रकांची रांग आली, तेव्हा त्यांचा उजवा पाय नकळत पुढे सरकला आणि पत्र्यावर दाबला गेला. मी पाहिले, पण बोललो नाही. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली आहे, डाव्याची त्यानंतर. नमुना १-अ अजून माझ्या खणात कोराच आहे. शून्य रुपयांची दोन तिकिटे बाबांनी पंचांगात जपून ठेवली आहेत.