नया नगर : रंगाआधीची भिंत

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून बाजाराच्या गर्दीतून थोडे चालले की नया नगरची वस्ती लागते. हैदरी चौकाच्या आसपास अत्तराची, कापडाची, भांड्यांची दुकाने आहेत. त्यांच्यावर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, बाहेरच्या भिंतींवर पावसाने ओढलेले काळसर ओघळ. शेजारीच शांतीनगर आणि पलीकडे भाईंदर. या पट्ट्यात दुकान किंवा घर असलेल्या व्यापारी कुटुंबांना हा परिसर नित्याच्या येण्याजाण्याचा आहे.

खाडी आणि मिठागरे ही या भूमीची जुनी ओळख. नगरपरिषद १९८५ साली झाली, महानगरपालिका २००२ साली. परंतु नया नगरच्या कित्येक इमारती त्याआधीच उभ्या राहू लागल्या होत्या. १९९२-९३ नंतर मुंबईतून अनेक कुटुंबे येथे आली आणि वस्ती दाट झाली. आज तेथील अनेक घरे पस्तीस-चाळीस वर्षांची आहेत. घराच्या आयुष्यात हा काळ महत्त्वाचा असतो, कारण या वयात भिंतींच्या तक्रारी सुरू होतात आणि त्याच वेळी घरात नव्या रंगाची चर्चाही सुरू होते.

चर्चेचा आरंभ बहुधा दुकानातल्या रंगपट्टिकेपासून होतो. बैठकीला बदामी की फिकट हिरवा, शयनगृहाला निळा चालेल का, एका भिंतीवर गडद छटा द्यावी का, हे प्रश्न आनंदाचे आहेत. मात्र जुन्या घरात ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा की भिंत रंग धरण्याच्या स्थितीत आहे काय?

खाडीकाठच्या घरांचा जुना शत्रू म्हणजे लोणा. विटेत, वाळूत किंवा पाण्यात उरलेला क्षार ओलीबरोबर भिंतीच्या पृष्ठभागाकडे येतो. पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या पिठासारखा मागे राहतो. स्फटिक बनताना तो फुगतो आणि गिलाव्याला व रंगाला बाहेर ढकलतो. त्यातूनच पोपडे सुटतात. पूर्वीच्या चुन्याच्या सफेदीतून ओल बाहेर पडू शकत असे. पुढे धुता येतो म्हणून भिंतीच्या खालच्या भागावर तीन-चार फूट उंचीचा ऑइलपेंटचा पट्टा देण्याची पद्धत पडली. त्या पट्ट्यातून वाफ सुटत नाही. मग ओल आतल्या आत वर चढते आणि पट्ट्याच्या वर डाग उमटतो. घरातील माणसे दर दोन वर्षांनी तो डाग रंगवीत राहतात आणि दोष रंगाला देतात.

परीक्षा सोपी आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर ती खोलीच्या हवेतली आहे. पहिल्या स्थितीत पाण्याचे मूळ शोधावे लागते. ते गच्चीत असेल, बाहेरच्या भेगेत असेल किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात असेल. गच्ची आणि बाहेरच्या भिंती ही गृहनिर्माण संस्थेची जबाबदारी. सदनिकेच्या आतील नळ-न्हाणीची गळती त्या त्या सभासदाची. वरच्या शेजाऱ्याशी बोलणे अवघड वाटते म्हणून अनेक जण छताला पुट्टी लावून मोकळे होतात. त्या पुट्टीचे पैसे वाया जातात आणि शेजाऱ्याशी करायचे बोलणे तसेच शिल्लक राहते. मूळ बंद झाल्यावर लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा, पाण्याने धुऊ नये. पाण्यात विरघळून तो पुन्हा भिंतीतच जातो. पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा करावा आणि तो पुरता वाळेपर्यंत, साधारण २८ दिवस, थांबावे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीने जाणारी भेग. काँक्रीटमधील लोखंडी सळईला गंज चढला की तिचे आकारमान दुपटीहून अधिक होते आणि वरचे काँक्रीट फुटून निघते. खारी हवा हे काम वेगाने करते. अशा भेगेवर लांबी भरून सुंदर रंग दिला, तर घराने दिलेली सूचनाच झाकली जाते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाहावे. भेग खुणेपलीकडे गेली असेल, तिच्यातून गंजाचा तांबूस डाग येत असेल, तर रंगारी थांबवून संरचना अभियंत्यास बोलवावे. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचना परीक्षण हे कर्तव्यच आहे. संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी परीक्षण व्हावयास हवे.

जुने रंग खरवडतानाही सावधपण हवे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः दारे-खिडक्यांच्या चकचकीत रंगांत, शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. म्हणून अशी दारे कोरडी घासू नयेत. पृष्ठभाग ओला करून खरवडावे, मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना त्या दिवसांत अन्यत्र ठेवावे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

काम केव्हा काढावे, हे येथे सण ठरवतात. हिंदू आणि जैन घरे दिवाळीपूर्वी रंगतात. तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि भिंतींच्या पोटात ओल शिल्लक असते. नया नगरातील बहुसंख्य घरे ईदपूर्वी रंगतात. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०१४ ते २०१६ या वर्षांत ती जुलैच्या भर पावसात आली होती, २०२६ मध्ये मार्चमध्ये. भिंतीला मात्र फाल्गुन ते वैशाख हा कोरडा काळच मानवतो. सणाच्या आठ दिवस आधी रंगारी मिळवण्याची धावपळ करण्यापेक्षा उन्हाळ्यात काम उरकणे शहाणपणाचे.

एवढे झाल्यावर रंगपट्टिका उघडावी. दाट वस्तीत खिडकीतून येणारा उजेड पुष्कळदा समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतलेला असतो, त्यामुळे त्या भिंतीची छटा घरातही उतरते. दुकानातील प्रकाशात निवडलेला रंग घरी निराळा दिसतो तो यामुळेच. लहान डबा आणून दोन भिंतींवर हातभर चौकोन रंगवावेत आणि सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहावेत. पांढऱ्या भिंतीवरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग परततो, गडद भिंतीवरून जेमतेम दहावा हिस्सा. दिवसाही दिवा लावावा लागणाऱ्या घरात ही विजेच्या बिलाचीही बाब आहे.

झळाळीचा नियम उलटा आहे. भिंत जितकी उंचसखल, तितकी चकाकी कमी हवी; चकाकी प्रत्येक उणे उठवून दाखवते. जुन्या बैठकीला आणि छताला मॅट शोभते. फोडणीचे तेल उडणाऱ्या स्वयंपाकघराला धुता येणारे सॅटिन हवे. दारे-चौकटींना हाताळणी सोसणारे ग्लॉस योग्य.

हिशेबही पाहावा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. उंची साडेनऊ धरून आणि दारे-खिडक्या वजा जाता सुमारे साडेतीनशे चौरस फूट भिंत उरते. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांसाठी सुमारे सव्वाशे चौरस फूट धरले तर तीन लिटर पुरतात. खरा खर्च असतो तो दुरुस्तीचा, पुट्टीचा आणि मजुरीचा. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर महागडा रंग अनाठायी ठरेल. तोवर गळती थांबवणे आणि साधा रंग देणे पुरे. पण पुनर्विकास होईल तेव्हा होईल, या आशेवर गळकी भिंत दहा वर्षे तशीच ठेवणे हा मुलांच्या श्वासाशी केलेला व्यवहार आहे.

एक लहानशी बाब रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्यावी. पारंपरिक रंगाचा ब्रश डुकराच्या राठ केसांचा असतो. अहिंसेच्या विचाराने तो जैन घराला नको असतो आणि शेजारच्या मुस्लिम घरालाही तो निषिद्ध वाटतो. नायलॉनच्या तंतूंचे ब्रश आणि रोलर दुकानात सहज मिळतात. मागावे मात्र लागतात. दोन्ही घरांची कारणे वेगळी, मागणी एकच. खाडीची ओलही दोन्ही भिंतींना सारखीच लागते आणि तिच्यावरचा उपाय दोघांनाही आपल्या वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याचे दार वाजवूनच सुरू करावा लागतो.