गांधी मल्हार : न ऐकता दिलेला निकाल

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासला कुमार गंधर्व गेले. त्या वेळी आर्णीत मराठीचा अध्यापक म्हणून रुजू होऊन मला फार काळ लोटला नव्हता. एका स्थानिक पुरवणीसाठी मी त्यांच्यावर लेख लिहिला. माझ्यापाशी पाच-सहा ध्वनिफिती होत्या. बाकी सारे वाचून मिळवलेले. लेखात मी एक ठाम वाक्य टाकले : गांधी मल्हार हा शताब्दीच्या उत्साहात जन्मलेला प्रासंगिक राग असून कुमारांच्या सर्जनाच्या मुख्य प्रवाहात त्याला स्थान देता येणार नाही. वाक्य मला फार आवडले होते.

वडिलांनी लेख दोनदा वाचला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, अखेरपर्यंत खादी वापरणारे गृहस्थ. चष्मा काढून त्यांनी विचारले, “तू आयकला काय तो राग?”

मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी पुरवणीची घडी केली आणि पुढे काही विचारले नाही. मी तो राग ऐकलेला नव्हता.

ज्यांना या रागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी हे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. १९४८ च्या जानेवारीअखेरीस ते देवासला राहायला आले. देशाच्या दृष्टीने ते दिवस गांधीहत्येचे होते. क्षयाने त्यांना गाठले आणि पुढची काही वर्षे गाणे बंद झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्याची लोकगीते पडत राहिली, आणि त्या धुनांतून पुढे त्यांचे धुनउगम राग आकाराला आले. ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग १९६५ साली ‘मौज’ने प्रसिद्ध केला, तेव्हा गायकाइतकाच मोठा रचनाकारही रसिकांसमोर आला. गांधी मल्हार हा त्यानंतरचा, १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधलेला राग आहे.

त्यांचे संजारी, मालवती, लगनगंधार यांची चर्चा होते; निर्गुणी भजनांवर तर पुष्कळ लिहिले गेले आहे. गांधी मल्हारचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो आणि मैफलीत तो क्वचितच कानी येतो. थोर रचनाकारांच्या काही कृतींच्या वाट्याला असे येते. फिनलंडच्या सिबेलियसची तिसरी सिंफनी १९०७ सालची. दुसरीचे वैभव अनुभवलेल्या श्रोत्यांना ही आटोपशीर, तीनच भागांची रचना उणी वाटत आली. सिबेलियसचा मोठा भाष्यकार मानला गेलेल्या कारायाननेही तिचे ध्वनिमुद्रण कधी केले नाही. कृती वाईट म्हणून मागे पडते असे नाही. पुष्कळदा ती आपल्या अपेक्षेच्या चौकटीत बसत नाही, एवढेच तिच्याकडून घडलेले असते. गांधी मल्हारच्या बाबतीत तर आपण नावापाशीच थांबतो. नाव ऐकले की हारतुरे, टपालतिकीट आणि शासकीय समारंभ डोळ्यांपुढे येतात. माझे तेच झाले होते.

वडील २००४ साली गेले. राग मी ऐकला त्यानंतर दहा वर्षांनी, २०१४ च्या जूनअखेरीस. मृग कोरडा गेला होता. काहींनी धूळपेरणी करून टाकली होती आणि सरकी मातीत तशीच पडून होती. अरुणावतीच्या पात्रात दगड उघडे पडले होते. चौकातल्या चहाच्या टपरीवर दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर कोण देईल, यापलीकडे दुसरा विषय नव्हता. अशा एका रात्री, एका माजी विद्यार्थ्याने आणून दिलेल्या ध्वनिमुद्रणांत हे नाव दिसले आणि मी ते जवळजवळ अपराध्यासारखे लावले.

माझे संगीताचे ज्ञान श्रोत्याचे आहे, शास्त्रकाराचे नाही. मल्हाराची ओळख पटवणाऱ्या खुणा, म्हणजे मध्यमावरून ऋषभावर उतरणारी मींड आणि ऋषभावरून पंचमाकडे घेतलेली झेप, एवढ्या माझ्या कानाला कळतात. मी वाट पाहत होतो ती शोकाची, नाहीतर एखाद्या प्रार्थनेच्या चालीची. दोन्ही आले नाही. मेघगर्जनेचा आव आणणारा मल्हारही हा नव्हे. कुमारांचे ते लहान लहान स्वरवाक्य, त्यानंतरची स्तब्धता, मग पुन्हा नेमक्या जागी टोकदार लागलेला स्वर. बंदिश गांधींना जवळिकीने संबोधते, आणि त्यांच्या ज्या गुणाला ती आधी हात घालते तो गुण आहे धीर. वैशाख आणि ज्येष्ठ भाजून निघालेल्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला हा शब्द मल्हारात ऐकताना काय होते, हे मी वेगळे सांगायला नको.

मग मला प्रश्न पडला तो निवडीचा. गांधीजींसाठी राग बांधायचा तर मल्हारच का? १९४८ साली, हत्येनंतर, पं. रविशंकरांनी मोहनकौंस बांधला. गांधी या नावातल्या अक्षरांतून ग, नि, ध हे स्वर त्यांनी शोधले. तो शोकाच्या क्षणाचा राग आहे, आणि त्या क्षणाला तो साजेसाच होता. कुमारांपुढचा प्रसंग मृत्यूचा नव्हता, जन्माचा होता. त्यांनी नावाची अक्षरे घेतली नाहीत, ऋतू घेतला. हा देश ज्या गोष्टीची दरवर्षी श्वास रोखून वाट पाहतो, तिच्या स्वरांत त्यांनी एका माणसाचे येणे ऐकले. प्रसंग बाहेरून आला होता हे खरेच. पण त्याला दिलेले उत्तर आतून आलेले आहे.

इथल्या भूमीत ही सांगड परकी वाटत नाही. सेवाग्राम आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले. पुसदच्या जंगल सत्याग्रहात लोकनायक अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला, तो जुलै १९३० मध्ये, ऐन पावसाळ्यात. या भागात गांधीविचार आला तो ओल्या गवताचा वास घेऊन, असे मला त्या रात्रीनंतर वाटू लागले आहे.

आता ‘प्रासंगिक’ या शब्दाविषयी. हा शब्द मी वर्षानुवर्षे वर्गात हलक्या अर्थाने वापरला : प्रासंगिक कविता, म्हणजे दुय्यम कविता. याच तोंडाने मी अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आद्य पोवाडा म्हणून शिकवत होतो आणि त्याचा जन्म प्रसंगातूनच झाला हे विसरत होतो. मिल्टनची ‘लिसिडस’ ही एका सहाध्यायाच्या बुडून झालेल्या मृत्यूवर निघालेल्या स्मृतिसंग्रहासाठी लिहिलेली आहे. निमित्त कृतीला छोटे करीत नाही. निमित्तापाशी थांबणारा कवी कृतीला छोटे करतो आणि निमित्त पाहूनच परतणारा समीक्षकही तेच करतो. मी दुसऱ्या जातीचा होतो.

ध्वनिमुद्रण संपल्यावर मला वडिलांचा प्रश्न आठवला, आणि तो बावीस वर्षांनंतर पहिल्यांदा नीट ऐकू आला. तोवर मी समजत होतो की त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि मी खोटे बोलून सुटलो. शताब्दीच्या वर्षी तरुण शिक्षक असताना ते शाळेची पोरे एस.टी.ने सेवाग्रामला घेऊन गेले होते. बापूकुटीतल्या शांततेविषयी ते अनेकदा बोलत. माझ्या लेखातून त्यांना प्रथमच कळले असावे की त्याच वर्षी एका मोठ्या गवयाने गांधीजींवर राग बांधला. ते मला पकडत नव्हते. तो राग कसा आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मी ‘नाही’ म्हणालो असतो, तर आम्ही दोघांनी मिळून तो शोधला असता.

पाऊस त्या रात्री आला नाही. बऱ्याच शेतांत दुबार पेरणी करावी लागली.

तेव्हापासून वर्गात मी एक नियम पाळला. कोणत्याही कृतीविषयी मुलाने मत मांडले की मी आधी विचारी, “वाचलीस का रे?” मूल ‘नाही’ म्हणाले, तर मी रागावत नसे. पुस्तक काढून आम्ही तिथेच वाचायला बसत असू.