एका आकड्याचा अर्थ

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवून आयुष्य काढलेले अण्णा निवृत्तीनंतर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. मूत्रपिंडे थकली, पण यंत्रकामगाराचा मोजमापावरचा विश्वास थकला नव्हता. ‘माप खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो,’ असे ते म्हणत. साहित्य शिकवणाऱ्या मला या वाक्याचा अर्थ दोन रात्रींत कळला.

पहिल्या रात्री त्यांच्या छातीत जडपणा आला. रक्तातील ट्रोपोनिन-टी ६८ निघाले. निरोगी माणसासाठीची वरची मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर. मी हादरलो. तरुण डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘सर, एका आकड्यावरून ठरवता येत नाही. तीन तासांनी पुन्हा पाहू.’ ते तीन तास आई जपमाळ ओढत होती. दुसरा आकडा आला ७१. झटका नव्हता.

ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे प्रथिन. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी ते १९६०च्या दशकात शोधले. हृदयाच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. झटक्यात काही तासांत चढते आणि मग ओसरते. दीर्घ मूत्रपिंडविकारात मात्र ते बहुधा कायमच चढलेले असते, कारण रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झालेली असते, सूक्ष्म रक्तवाहिन्या अपुऱ्या पडतात आणि प्रथिनाचा निचराही मंदावतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या झटक्याच्या चौथ्या सार्वत्रिक व्याख्येने हृदयस्नायूची इजा आणि झटका यांतील भेद स्पष्ट केला. झटका म्हणायचा तर आकड्यात चढ वा उतार हवा, आणि रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे, ईसीजीतील बदल किंवा तत्सम पुरावाही हवा. मूळ पातळीच वरची असेल, तर साधारण २० टक्क्यांहून अधिक फरक अर्थपूर्ण मानतात. अण्णांचा फरक ४ टक्क्यांच्या आसपास होता.

मला हे फार आवडले. शब्दाला अर्थ वाक्यात येतो, हे वर्गात सांगताना मी ‘६८ आणि ७१’ची गोष्टही सांगू लागलो.

आठ महिन्यांनी दुसरी रात्र आली. छातीत दुखत नव्हते, नुसती धाप लागत होती. आकडा आला ७४. मी जाणकारासारखा आईला म्हणालो, ‘घाबरू नकोस, हे नेहमीचंच आहे,’ आणि अण्णांना घरी नेण्याची परवानगी मागितली. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. ‘किडनीच्या रुग्णाला छातीत दुखेलच असं नाही, सर. ईसीजीही त्यांचा आधीपासून बदललेला आहे. थांबा.’ तीन तासांनी आकडा १३१ होता. पहाटे अँजिओग्राफी झाली. एक धमनी जवळजवळ बंद होती.

अण्णा त्यानंतर दीड वर्ष जगले. त्या रात्री माझे ऐकले गेले असते तर काय झाले असते, हा विचार अजून मला सोडत नाही. पहिल्या रात्री मी संदर्भाविना वाचले. दुसऱ्या रात्री जुन्या संदर्भाच्या आधारे वाचायचेच टाळले. दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती ज्ञानाच्या वेषात आली होती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. ‘नेहमीचा’ म्हणून मी ज्याला निरुपद्रवी मानले, तो ६८ खोटा इशारा नव्हता. डायलिसिसवरच्या रुग्णात ट्रोपोनिन स्थिर राहून चढलेले असले, तरी ते पुढील मृत्यूचा वाढलेला धोका सांगते. हृदय रोज थोडे थोडे झिजत होते आणि कागद ते सांगत होता.

अण्णांची फाइल आईने टाकलेली नाही. तिच्यात ते चार आकडे तारीख-वेळेसह आहेत. माप खोटे बोलले नव्हते.