नौका निवडताना आधी सूर्यास्त पाहावा

युरोपातील नद्यांवर आठ-दहा दिवसांची नौकायात्रा करावी, असा विचार आता आपल्या अनेक कुटुंबांत होऊ लागला आहे. सामान एकदाच उघडायचे, रात्री नौकेने पुढच्या गावी न्यायचे आणि सकाळी गावाच्या मध्यभागीच उतरायचे, ही सोय वडीलधाऱ्यांना विशेष मानवते. मग प्रश्न येतो तो कंपनीचा. माहितीपत्रके केबिनचे चौरस फूट सांगतात, गालिचे दाखवतात, भोजनाची वर्णने करतात. परंतु ज्या घरात आई-वडील चौविहार पाळतात, त्या घराने सर्वांत आधी विचारावयाची गोष्ट त्या पत्रकांत छापलेली नसते. ती म्हणजे त्या महिन्यात त्या नदीवर सूर्य किती वाजता मावळतो.

या नौकांवर रात्रीचे जेवण बहुधा सातच्या सुमारास सर्वांना एकाच वेळी वाढले जाते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिएन्नात सूर्य मावळतो नऊच्या सुमारास, बुडापेस्टला पावणेनऊला, ऱ्हाईनवरील कोलोनला पावणेदहा उलटल्यावर. म्हणजे सर्व प्रवाशांबरोबर बसून, घाई न करता, रात्रीभोजनत्यागाचा नियम सहज सांभाळता येतो. उलट डिसेंबरात व्हिएन्नात चार वाजताच अंधार पडू लागतो आणि बुडापेस्टला त्याच्याही आधी. नाताळच्या बाजारांच्या यात्रा पत्रकांत सर्वांत मोहक दिसतात, पण दुपारच्या भोजनानंतर दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत उपाशी राहण्याची तयारी असेल तरच त्या घ्याव्यात. त्या दिवसांत सूर्योदयही पावणेआठच्या सुमारास होतो. त्यात ४८ मिनिटे मिळवली की साडेआठ वाजतात, आणि गाव दाखवायला नेणारी मंडळी तोवर खाली जमू लागलेली असतात. एप्रिलच्या मध्यातही बुडापेस्टचा सूर्यास्त साडेसातचा असतो. सातला बसलेल्या पंगतीला तो अपुराच पडतो.

चातुर्मासाचा विचार केला तर निवड आणखी सोपी होते. आषाढापासून कार्तिकापर्यंत गमनागमन मर्यादित ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. पर्युषण वा दशलक्षण पर्वात तर घर सोडण्याचा प्रश्नच नाही. चैत्राची ओळी आणि अक्षय्य तृतीयेचे पारणे आटोपले की आषाढापर्यंतचे आठवडे उरतात, आणि आपल्याकडील शाळांच्या सुट्ट्याही त्यांतच येतात. योगायोग असा, की नदीच्या दृष्टीनेही हा काळ बरा. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत ऱ्हाईनचे पाणी कधी कधी इतके उतरते, की नौका पुढे जाऊ शकत नाही. २०१८ आणि २०२२ या वर्षी तसे झाले होते. मग प्रवाशांना बसने न्यावे लागते आणि नदीची यात्रा रस्त्याची होते. वसंतात क्वचित पुराचे भय असते, ते मात्र मान्य करूनच निघावे.

पहिल्या यात्रेसाठी माझे मत डॅन्यूबच्या बाजूने पडते, विशेषतः पासाऊ ते बुडापेस्ट या सुमारे ५८० किलोमीटरच्या टप्प्याच्या. पासाऊला तीन नद्या भेटतात: डॅन्यूब, हिमनद्यांचे फिकट हिरवे पाणी आणणारी इन आणि काळसर इल्झ. संगमानंतरही काही अंतर हे रंग वेगळे ओळखता येतात. पुढे मेल्क ते क्रेम्स हे वाखाऊचे खोरे लागते. दगडी बांधांवर चढत गेलेले द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, कड्यावरचा मेल्कचा पिवळा मठ आणि ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. याच किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. हा सारा प्रदेश डेकवर बसून पाहायचा असतो, म्हणून वाखाऊ दिवसा पार होते ना, हे वेळापत्रकात आवर्जून पाहावे. बुडापेस्टचे संसदभवन मात्र दिवे लागल्यावरच खुलते. जूनमध्ये तोवर आपले भोजन आणि प्रतिक्रमण दोन्ही आटोपलेले असते.

नौका बहुतेक सारख्याच आकाराच्या असतात. ऱ्हाईनची उपनदी माइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्याची जलद्वारे १२ मीटर रुंद, म्हणून नौका साडेअकरा मीटरच्या आत आणि लांबी फार तर १३५ मीटर. प्रवासी दीडशे ते एकशे नव्वद. गर्दीच्या धक्क्यांवर दोन-तीन नौका एकमेकींना लागून उभ्या राहतात, तेव्हा आपल्या सज्जासमोर शेजारच्या नौकेची खिडकी येते. सज्जासाठी दिलेली जादा रक्कम मग कितपत वसूल झाली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. खालच्या मजल्यावरची लहान खिडकीची केबिन स्वस्त असते आणि दिवसभर डेकवर बसणाऱ्याला ती पुरते. मात्र गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती घेऊ नये, कारण लिफ्ट अनेकदा तिथवर जात नाही.

आता कंपन्या. वायकिंगच्या नौकांवर अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही, त्यामुळे वातावरण शांत आणि ओढा इतिहास-संस्कृतीकडे असतो. केवळ आई-वडिलांना पाठवायचे असेल तर हा पर्याय चांगला. अमावॉटरवेज आपल्या नौकांवर सायकली ठेवते आणि पायी फिरण्यासाठी वेगवेगळ्या गतीचे गट करते. सावकाश चालणाऱ्यांचा गटही त्यात असतो. तरुण मुलगा-सून आणि वडील एकत्र निघाले असतील, तर दोघांचीही सोय होते. टॉक आणि युनिवर्ल्ड यांच्या खास कौटुंबिक यात्रा असतात खऱ्या, पण त्या मुख्यतः तिकडच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या चातुर्मासात. याच दोन आणि सीनिक ही तिसरी, यांच्या भाड्यात मद्य आणि बक्षिशी सर्व धरलेले असते. ज्या घरात मद्याला स्पर्श नाही, त्याने न उचललेल्या मालाचे बिल का भरावे? ‘सर्व समाविष्ट’ हे शब्द वाचून भुलू नये. बक्षिशी, सहली आणि केबिन यांचा हिशेब वेगळा मांडून मगच भाव तोलावा. जर्मनीची आ-रोझा मुलांचे स्वागत करते, पण तेथे जेवण मुख्यतः बुफे पद्धतीचे. मांसाच्या शेजारी मांडलेली भाजी, त्याच त्या फिरत्या पळ्या. नियमाने राहणाऱ्या माणसाचे मन तिथे लागत नाही. पानात वाढून आणणारी नौका याबाबतीत बरी. स्ट्रासबुर्गची क्रुआझियुरोप ही १९७६ पासूनची कौटुंबिक पेढी. भाव माफक, पण सर्वांना एकच ठरलेला बेत असतो, म्हणून आपली पथ्ये तिला फार आधी कळवावी लागतात.

पथ्ये कळवताना ‘जैन भोजन’ एवढे लिहून भागत नाही. तिकडे शाकाहारी म्हटले की बटाटा, कांदा, लसूण, मशरूम आणि अंडे येतेच. चीजमध्ये वासराच्या जठरातील द्रव्य असू शकते. पार्मेझानमध्ये तर ते असतेच. थंड मिष्टान्नांत जिलेटिन असते. काय चालत नाही याची नावानिशी यादी आणि त्याखाली काय चालते याचीही यादी (भात, पास्ता, टोमॅटो, ढोबळी मिरची, फरसबी, वाटाणा, डाळी, फळे) नोंदणीच्या वेळीच द्यावी. उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. माझ्या मते कंपनीची खरी परीक्षा या उत्तरातच होते. ‘काळजी करू नका’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा चार प्रश्न उलट विचारणारा बरा. तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असेल तर खाखरे आणि सुके मूग बरोबर असावेत. मात्र तूप, पेढे, दुधाची भुकटी नेऊ नये. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. केबिनमध्ये विजेची शेगडी लावणे सुरक्षेच्या कारणाने चालत नाही. उकळलेल्या पाण्याची व्यवस्था भटारखान्याकडून होईल का, हे त्याच पत्रात विचारावे. बैठकीच्या दालनातील चहायंत्राचे पाणी गरम असते, उकळलेलेच असेल असे नाही.

देवदर्शनाची ओढ असणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. अॅमस्टरडॅमहून निघणाऱ्या काही वसंतातील यात्रा बेल्जियममधील अँटवर्पला थांबतात. पालनपूरकडील हिरेव्यापारी कुटुंबे या शहरात अनेक वर्षांपासून स्थायिक आहेत आणि विलराइक या उपनगरात त्यांनी उभारलेले संगमरवरी जिनमंदिर आहे. शेल्ड नदीच्या धक्क्यावरून ते टॅक्सीने गाठता येते. ट्यूलिपचा हंगाम मेच्या मध्यापर्यंत संपतो, म्हणून अक्षय्य तृतीया एप्रिलअखेर येणारे वर्ष या यात्रेला सोयीचे. मंदिर केव्हा उघडे असते हे तेथील आप्तांना आधी विचारून ठेवावे आणि नौका किती वाजता सुटते हे मनगटावरच्या घड्याळाला सांगून मगच धक्का सोडावा.