आठ मिनिटांचा आवाज

विल्यम एस. हार्ट १९१४ साली चित्रपटात आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. त्याआधीची कितीतरी वर्षं रंगभूमीवर गेलेली. शेक्सपिअर करून झालेला, १८९९च्या ब्रॉडवेवरच्या ‘बेन-हर’मध्ये मेसाला रंगवलेला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. आणि या गृहस्थाने नाव काढलं ते मूकपटात, तेही काउबॉय म्हणून.

त्या काळच्या वेस्टर्नपटांतला खोटेपणा त्याला खटकायचा. त्याचे कपडे धुळकट, चेहरा लाकडासारखा घट्ट. नायक बहुधा आधी वाईट, मग चांगुलपणाकडे वळणारा. ‘हेल्स हिंजेस’मध्ये तर तो अख्खं पापी गाव पेटवून देतो. सोबतीला फ्रिट्झ नावाचा कबरा घोडा. पुढे टॉम मिक्स हा दुसरा काउबॉय-नट गाजू लागला. झकपक पोशाख, थरारक कसरती. पोरं तिकडे धावली. हार्ट मात्र आपला हेका सोडेना. मला विचाराल तर तो हटवादी होता आणि भाबडाही. त्याचे काही चित्रपट आज कीर्तनासारखे उपदेशी वाटतात.

तरी १९२५चा ‘टम्बलवीड्स’ बघाच. चेरोकी पट्ट्यातली सरकारी जमीन वसाहतीसाठी खुली होते, त्याची गोष्ट. गुरांचे कळप कायमचे निघून जाताना टेकडीवरचे काउबॉय नुसत्या टोप्या काढतात. मग तोफ उडते आणि घोडे, गाड्या, माणसं जमिनीसाठी सुसाट सुटतात. नायक म्हणून हार्टचा हा शेवटचा चित्रपट. वितरणावरून युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीशी बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं.

१९३९ साली ‘टम्बलवीड्स’ पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याला सुमारे आठ मिनिटांची बोलती प्रस्तावना जोडली गेली. न्यूहॉलच्या आपल्या रँचवर चौऱ्याहत्तर वर्षांचा हार्ट काउबॉयच्या वेशात उभा राहून बोलतो. पल्लेदार, नाटकी, आपल्या जुन्या नटांसारखा स्वर लावून. आदल्याच वर्षी गेलेल्या फ्रिट्झविषयी बोलताना त्याचा गळा दाटतो. अभिनय आहे का? असेलही. पण नटाचं रडू खोटंच असतं, हे कोणी ठरवलं?

१९४६ साली तो गेला. रँच त्याने लॉस एंजेलिस काउंटीला देऊन टाकली; तिथे आता सार्वजनिक उद्यान आहे आणि फ्रिट्झची कबरही. ‘टम्बलवीड्स’ कुठे मिळाला तर प्रस्तावनेसह बघा; ती वगळू नका.